टंचाईचे पाणी आणि गावची सभा



चैत्र सरता सरता आपल्याकडच्या पुष्कळ गावांतून एक देखावा दिसू लागतो. टँकर येतो, गावच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडतो आणि निघून जातो. मग काठावर झुंबड उडते. ज्याच्या घरात हाताशी चार तरणी माणसे आहेत त्याची पिंपे भरतात. एकटी म्हातारी, दिवस गेलेली सून, पायाने अधू माणूस यांच्या वाट्याला तळचा गाळ येतो. हे पाहून कोणाला वाईट वाटत नाही असे मुळीच नाही. आपल्या भाषेत त्याला ‘कळवळा’ असा सुंदर शब्द आहे. पण कळवळा येणे निराळे आणि त्या म्हातारीची घागर भरणे निराळे. या दोहोंमधली वाट कोणती, आणि ती आपल्या रोजच्या हातातली आहे की नाही, याचा आज विचार करू या.

प्रथम पाण्याकडे पाहू. ‘पूर्वी असा पाऊस नव्हता,’ असे म्हातारी माणसे म्हणतात, आणि पूर्वीचे सगळेच चांगले म्हणायची खोड त्यांना असते हे खरे. पण या बाबतीत शास्त्रज्ञही त्यांच्याच बाजूचे आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत जो वायू साठत गेला त्याने पृथ्वीची ऊब वाढली. कारखानदारीच्या आधीच्या काळाशी ताडून पाहता ही वाढ एका अंशाहून अधिक आहे, आणि २०२४ साल हे तोवरच्या नोंदींतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते. म्हणजे ढग रिकामे राहतात तेव्हा लांबच लांब उघडीप, आणि कोसळतात तेव्हा एकदम. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या.

हे आकडे अंगावर कसे येतात ते सांगलीच्या लोकांना विचारा. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जत-आटपाडीकडचा भाग त्या यादीत होता. आणि पुढच्याच ऑगस्टात, २०१९ साली, त्याच जिल्ह्यात कृष्णेच्या पुराने गावेच्या गावे वेढली. एकाच जिल्ह्यात, दहा महिन्यांच्या आत, एकीकडे टँकर आणि दुसरीकडे होड्या! ज्या धुराने हे घडले त्यात आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या चुलीचा वाटा किती? नगण्यच. पण भोग मात्र आधी त्याच्या दारात येतो. ही गोष्ट अन्यायाची आहे, आणि ती मोठ्या देशांच्या बैठकांतून मांडली जातेच आहे. आपल्याला मात्र त्या बैठकीची वाट पाहत विहीर कोरडी ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पायाखालची. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळावर, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसॉल्टवर, वसलेला आहे. हा दगड स्पंजासारखा नाही. वरचा थोडासा मुरमाड थर आणि खालच्या भेगा एवढ्यातच पाणी मावते, आणि या भेगा काही सातबारा पाहून पडलेल्या नाहीत. माझ्या बांधाच्या आत मी बोअर घेतली तरी तिला लागलेली भेग शेजाऱ्याच्या विहिरीतून आलेली असू शकते. मी तीनशे फूट गेलो, तो चारशे जातो, तिसरा सहाशे. आणि ज्याची ऐपत पंचवीस फुटांच्या विहिरीचीच, तो पहिल्या फेरीतच संपतो. जमीन माझी आहे, पण तिच्याखालचे पाणी एकट्याचे नाही, हे कातळच सांगतो आहे.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. हे गणित शिक्षकांनी पाचवी-सहावीच्या मुलांकडून करवून घेण्याजोगे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. समजा, एका गावचे शिवार १००० हेक्टर आहे आणि पाऊस अवघा ४०० मिलिमीटर झाला. तरी त्या शिवारावर ४०० कोटी लिटर पाणी पडले. यातले निम्म्याहून अधिक उडून जाते, काही ओढ्याने वाहून जाते, ते सोडा. गावची वस्ती १५००. माणशी रोज ५५ लिटर धरले तर वर्षाला लागतात तीन कोटी लिटर. गुरेढोरे ५०० आणि दर जनावरामागे ५० लिटर धरा. त्यांचे वर्षाला नव्वद लाख. म्हणजे माणसे आणि जनावरे मिळून चार कोटींच्या आत-बाहेर. चारशे कोटींतले चार कोटी, शेकडा एक! दुष्काळी समजल्या जाणाऱ्या पावसातही गावची तहान पडलेल्या पाण्याच्या शंभराव्या हिश्शात भागते.

मग पाणी जाते कुठे? उसाला वर्षभरात पावसासह सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले ४०० पावसाचे वजा केले तरी १६०० उरले, म्हणजे हेक्टरी एक कोटी साठ लाख लिटर. अडीच हेक्टर, सुमारे सहा एकर ऊस आणि सगळ्या गावची वर्षाची तहान यांचा हिशेब सारखाच पडतो. ठिबक केले तर बरीच बचत होते हे खरे. आणि ऊस लावणारा माणूस काही दुष्ट नसतो, बरे का. त्याच्या पिकाला गिऱ्हाईक ठरलेले आहे, भाव बांधलेला आहे, कर्ज फेडायचे आहे. ज्वारी-करडईला यातले काय आहे? त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण हे गणित गावासमोर फळ्यावर मांडले गेले पाहिजे, आणि त्याच्याही समोर मांडले गेले पाहिजे.

असे गणित मांडून त्याप्रमाणे वागलेली माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. खानदेशात पांझरेकाठी आणि पलीकडे मोसम नदीच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि पाणी देणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला. पाणी कमी असेल त्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याचे तोडायचे नाही, एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. शेतकऱ्यांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्याने तोटा कोणा एकावर कोसळत नसे.

त्याहून जवळचे उदाहरण १९७२ च्या दुष्काळातले. पुण्याचे कारखानदार आणि इंजिनिअर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामे पाहायला गेले. खडी फोडणारी माणसे पाहून त्यांनाही कळवळाच आला असेल. पण ते देणगी देऊन परतले नाहीत. नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवले, १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले, आणि त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम मुळातून पाहण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या डोक्यांवर मिळायचे. डोई अर्ध्या एकराला पुरेल एवढे, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांना. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरायचा. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूमिहीन मजुरालाही पाण्यात वाटा! ज्याला गुंठाभर जमीन नाही त्याला शेतीच्या पाण्यात वाटा, ही कल्पना ऐकून त्या काळी अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. या योजना सगळ्याच काही टिकल्या नाहीत. पण त्या नियमांत कळवळ्याला हिशेबाची जोड मिळाली होती, आणि म्हणून आज पन्नास वर्षांनीही त्यांची आठवण काढावी लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतरच्या काळात त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले, आणि पावसाळा संपला की किती पाणी पडले, किती मुरले, पिण्याला किती राखायचे, उरलेल्यात कोणती पिके घ्यायची, याचा ताळेबंद गावासमोर मांडण्याची चाल पाडली. पुढाऱ्याचे कर्तृत्व त्यात आहेच. पण असा पुढारी आपल्या गावाला लाभेल तेव्हा पाहू, असे म्हणून बसणे म्हणजे जबाबदारी टाळण्याची सोज्वळ रीत आहे.

इथे कोणी म्हणेल, पाण्याची गोष्ट चालली होती, तिच्यात सभा आणि लोकशाही कुठून आली? तर ती पाण्यातच आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात टंचाई इतकी वाढली की पाणीसाठ्यांच्या आसपास गर्दी करण्याला बंदी घालणारा हुकूम प्रशासनाला काढावा लागला. पुढे एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले. दंगा होऊ नये म्हणून काढलेला तो हुकूम होता, त्याचा दोष द्यायचा नाही. पण वाटणीचे नियम शांततेच्या काळात ठरले नाहीत, की टंचाईच्या काळात ते दंडुक्याने ठरवावे लागतात, एवढे त्यातून दिसते. पुढच्या काळात असे प्रसंग अधिक येणार. आणि संकटात माणसाला ‘चर्चा पुरे, एकाच्या हाती कारभार द्या’ असे वाटू लागते. तो एक आपल्याच वाडीचा असला तर ठीक, नसला तर?

पाणी आणि हक्क यांचे नाते या महाराष्ट्राला नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता, पण कोणी पाणी भरू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो ठराव कागदावरून उतरला. त्यावरही मारहाण झाली, खटला झाला, आणि मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. ‘आमच्याकडे आता तसे काही नाही’ असे आपण पटकन म्हणतो. टँकर आधी कोणत्या आळीत थांबतो ते एकदा उभे राहून पाहा, मग म्हणा.

तर ठराव आणि वागणूक यांना जोडणारी जागा म्हणजे ग्रामसभा. ती काही सरपंचाची मेहेरबानी नव्हे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून तिला राज्यघटनेत स्थान आहे आणि आपल्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात तिचे नियम आहेत. गावचा प्रत्येक मतदार तिचा सभासद. निवडून यावे लागत नाही. वर्षाला निदान चार सभा व्हाव्या लागतात आणि त्यांच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी ती. आता गंमत पाहा. माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. म्हणजे ‘आपण जाऊन काय होणार?’ असे म्हणून दोनशे माणसे घरी बसली, की पंधरा माणसांना गावचा निर्णय कायदेशीरपणे करता येतो. कोणी लोकशाही मोडली नाही, आपणच ती ओट्यावर ठेवून विसरलो.

मोडणारेही असतात, नाही असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या; पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे आढळले होते. वरच्या पायरीवरही हाल झाले. २०२२ नंतर अनेक जिल्हा परिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला आणि निवडणुका घ्या असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पण लिलावाच्या बाबतीत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. असा लिलाव करणारी माणसे बहुधा ‘गावाची एकी’ आणि ‘देवळाचा जीर्णोद्धार’ अशाच गोड शब्दांत बोलतात. बिनविरोध निवडणूक म्हणजे गावात सलोखा, असे आपल्याला वाटते. कधी कधी ते खरेही असते. पण ज्या गावात कोणी विरोध करीत नाही तिथे कोणाला विरोध करण्याचे भय तर वाटत नाही ना, हे विचारावे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. तिथे सर्वांच्या संमतीने निर्णय होतात, बहुमताने नाही. ही एकी आणि लिलावातली एकी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे निर्णयाआधी अभ्यास गट बसतो, प्रश्नाची उलटसुलट चर्चा होते, आणि एकाचीही शंका शिल्लक असेल तर निर्णय पुढे ढकलतात. वेळ लागतो. पण वनहक्काच्या कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव आहे. एका माणसाच्या शंकेसाठी सगळ्या गावाने थांबायचे, यालाही कळवळाच म्हणायला हवे.

थांबण्याच्या गोष्टीवरून तारखेचे आठवले, आणि आजच्या बोलण्यातला माझ्या मते सर्वांत उपयोगी मुद्दा हाच आहे. आपल्याकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरवण्याचा प्रघात आहे. बीडकडच्या, अहिल्यानगरकडच्या गावांतून ऊसतोडीला जाणारी मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या जुंपतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. २६ जानेवारीच्या सभेला ती कुठे तरी पश्चिम महाराष्ट्रातल्या फडात, पालावर असतात. ती परततात तेव्हा विहिरी आटलेल्या असतात आणि पाण्याचे जे काय व्हायचे ते होऊन गेलेले असते. पाण्याचा ताळेबंद जानेवारीत मांडला तर ज्यांना टंचाई सर्वांत जास्त सोसायची त्यांच्या गैरहजेरीत तो मांडला, असे होते. २ ऑक्टोबरला मांडला तर पाऊस संपत आलेला, रब्बीची पेरणी पुरती व्हायची असलेली, आणि तोडणीची मंडळी बहुतेक गावातच. एका तारखेचा फरक. पण त्यात पाच-पन्नास कुटुंबे सभेत येतात किंवा सभेबाहेर राहतात.

त्या सभेत काय बोलायचे? पिण्याची विहीर आधी राखून ठेवायची, हे पहिले. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर भूजलाच्या कायद्याने निर्बंध आहे. हे वाचून दाखवायचे, आणि ते शक्यतो ज्याचा स्वतःचा मळा त्या कक्षेत आहे अशा माणसाने वाचून दाखवायचे. टँकर आलाच तर तो विहिरीत न ओतता टाकीत घ्यायचा आणि नळ कोणत्या क्रमाने, किती घागरी, हे आताच ठरवायचे, कारण मे महिन्यात डोके ताळ्यावर राहत नाही. एकट्या बाईच्या घरी पाणी कोण पोचवणार, त्याचे नाव लिहायचे. मोबाइलवर फिरणारी ‘अमक्या वाडीने व्हॉल्व्ह फिरवला’ अशी वार्ता पुढे ढकलण्याआधी व्हॉल्व्ह पाहून यायचा. याला धैर्य लागते असे नाही, थोडी सवय लागते.

सवयीचे म्हणाल तर एक जुनी गोष्ट आहे. १९५६ साली पुणे नभोवाणी केंद्राने मराठी मुलखातल्या दीडशेच्या आसपास गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला होता. वीसेक माणसांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि जमेल ते करायचे. पाहणीत असे दिसले की, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा ही मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती कितीतरी अधिक वाढली. ऐकलेले बोलून पाहिले तरच आपले होते. शाळेचा वर्ग यासाठी आजही आयता आहे.

म्हणून शिक्षक मित्रहो, एक काम तुमच्यावर टाकतो. सरळ उभ्या कडेचा एक डबा शाळेच्या मोकळ्या जागी ठेवा आणि जूनपासून रोज सकाळी आठ वाजता मुलांना पट्टीने पाणी मोजायला लावा. दर पंधरवड्याला गावच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली लिहवा. दोन्ही आकडे शाळेच्या भिंतीवर, रस्त्याकडून दिसतील असे. मग २ ऑक्टोबरच्या सभेला सातवीतल्या एका मुलीला ते वाचून दाखवू द्या. सरपंचाचा आकडा खोटा म्हणता येतो, तलाठ्याचाही म्हणता येतो, पण आपल्याच पोरीने मोजलेला कोण खोटा म्हणणार?

आणि सभेची वेळ पाहा. दुपारी अकराला ठेवली तर मजुरीवर गेलेल्या बायका येणार नाहीत. संध्याकाळी सातनंतर ठेवा, दिव्याखाली ठेवा, आणि शक्यतो शाळेच्या आवारात ठेवा. देवळाच्या ओट्यावर चढून बसायला अजून काही जणी बिचकतात. दवंडी शेवटच्या वस्तीपर्यंत गेली की नाही, हे आदल्या दिवशी एखाद्याने सायकलवरून जाऊन विचारून यावे.